तांब्याचा बारा थरांचा पापुद्रा : कामाच्या नोंदी

६ एप्रिल

मशीन लावून झालं. जुनं वर्कस्टेशन आहे, १६ कोअर, ३२ जीबी रॅम, सांगलीतच सेकंडहँड मिळालं. ४२,००० रुपये पडले, वर यूपीएस आणि एक पंखा. उबुंटू टाकलं, लॅम्प्स (अणूंच्या हालचालींचा हिशोब करणारा प्रोग्राम) टाकलं, तपासणीची छोटी उदाहरणं चालवून बघितली. दिवस यातच गेला.

कामाचं मूळ वर्गातलं आहे. तिसऱ्या वर्षाला मी दरवर्षी शिकवते की यंग मॉड्युलस, म्हणजे खेचताना पदार्थ किती ताठ राहतो त्याचं माप, हा पदार्थाचा गुण आहे. सळई जाड घ्या नाहीतर बारीक, आकडा तोच. गेल्या महिन्यात माझ्या एम.टेक.च्या विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, फिल्म दोन नॅनोमीटरची असली तरी?" दोन नॅनोमीटर म्हणजे तांब्याच्या अणूंचे जेमतेम बारा थर, आणि त्यातले दोन सरळ पृष्ठभागावरच उघडे. मी "तिथे बदलतो" एवढंच सांगितलं. किती बदलतो आणि का, हे स्वतःच्या हाताने काढून दाखवायचं म्हणून हा उद्योग. (१००) पृष्ठभाग असलेली तांब्याची फिल्म अणू-अणू रचून उभी करायची, <११०> आणि <१००> या दोन दिशांनी खेचायची (हे आकडे म्हणजे स्फटिकातल्या पृष्ठभागाचं आणि दिशांचं नाव), आणि जाडीनुसार मॉड्युलस मोजायचा.

हे काम दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर माझे गेलेले दिवस त्यांचे तरी जाऊ नयेत, म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

८ एप्रिल

पहिली फिल्म रचली आणि सोडली. दहाव्या पायरीला "लॉस्ट ॲटम्स" असा संदेश येऊन प्रोग्राम बंद. सकाळभर रचना तपासत बसले, दोन अणू एकावर एक तर नाहीत ना म्हणून. रचना बरोबर होती. घोळ टाइमस्टेपचा होता. लॅम्प्समध्ये एककांचे संच असतात, मी ‘मेटल’ नावाचा घेतला होता; मेटल एककांत वेळ पिकोसेकंदात असतो, आणि मी एक फेम्टोसेकंद समजून १ लिहिलं होतं. म्हणजे हजारपट मोठी उडी. ०.००१ केलं आणि फिल्म शांत बसली.

त्याच जोडीची दुसरी गोष्ट: मेटल एककांत दाब बारमध्ये येतो. दहा हजार बार म्हणजे एक गिगापास्कल. आणि चिन्ह उलटं असतं, खेचलेला पदार्थ ऋण दाब दाखवतो. दोन्ही गोष्टी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवल्या.

९ एप्रिल

अणूंमधल्या बलांसाठी मिशिन आणि सहकाऱ्यांचं २००१ चं तांब्याचं पोटेन्शियल, म्हणजे अणूंच्या अंतरावरून ऊर्जा आणि बल सांगणारं सूत्र, घेतलं. लॅटिस, म्हणजे स्फटिकाच्या एका घनाची बाजू, ३.६१५ अँगस्ट्रॉम (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर). ते घेण्याचं कारण म्हणजे त्याचे लवचिकतेचे स्थिरांक प्रयोगाशी चांगले जुळतात: १६९.९, १२२.६ आणि ७६.२ गिगापास्कल. या तिन्हींवरून कागदावर काढलं तर अखंड तांब्याचा (ज्याला पृष्ठभागच नाही असं धरलेल्या तांब्याचा) मॉड्युलस <१००> दिशेने ६७ आणि <११०> दिशेने १३१ गिगापास्कल येतो. एकाच स्फटिकात दिशा बदलली की जवळजवळ दुप्पट. हे दोन आकडे आपले मैलाचे दगड.

१२ एप्रिल

बारा थरांची फिल्म, खाली-वर ४०-४० अँगस्ट्रॉम पोकळी, <११०> दिशेने खेच. उत्तर आलं २९ गिगापास्कल.

१३१ च्या जागी २९! पृष्ठभागाचा परिणाम इतका मोठा कसा असेल म्हणून दोन दिवस मागे लागले. आधी पोटेन्शियलवर संशय घेतला, मग तापमानावर. जाड फिल्म घेतली तर आकडा वाढला, पातळ घेतली तर घटला. जाडीनुसार बदलतोय, म्हणजे खराच परिणाम दिसतोय असं वाटत राहिलं.

मुळात प्रोग्राम दाब काढताना अणूंवरच्या बलांची बेरीज पूर्ण पेटीच्या, म्हणजे फिल्म आणि पोकळी मिळून धरलेल्या जागेच्या, आकारमानाने भागतो. त्याला फिल्म कुठे संपते आणि पोकळी कुठे सुरू होते हे ठाऊक नसतं. माझी फिल्म २१.७ अँगस्ट्रॉमची आणि पेटी १०१.७ अँगस्ट्रॉम उंच. म्हणजे खऱ्या स्ट्रेसचा (दर क्षेत्रफळामागच्या बलाचा) साधारण पाचवा हिस्साच मला दिसत होता. जाड फिल्मला पोकळीचा वाटा कमी, म्हणून आकडा वाढत होता. मॉड्युलस जाडीप्रमाणे बदलत नव्हता, भागाकार बदलत होता.

एकूण चार दिवस गेले.

१९ एप्रिल

पोकळीच काढून टाकली. उंचीच्या दिशेने पेटी अणूंना चिकटून राहील अशी सीमा ठेवली, लॅम्प्सच्या भाषेत ‘पी पी एस’. आता पेटीची उंची म्हणजेच फिल्मची उंची, त्यामुळे भागाकाराची अडचण संपली.

मॉड्युलस १३१ च्या वर आला. फिल्म जितकी पातळ, आकडा तितका मोठा. सहा थरांना सर्वांत मोठा, चाळीस थरांना जवळजवळ अखंड तांब्याइतका. झोउ आणि ह्वांग यांनी २००४ मध्ये तांब्यावरच दाखवलं होतं की (१००) पृष्ठभाग <११०> दिशेने अखंड पदार्थापेक्षा ताठ आणि <१००> दिशेने मऊ असतो. दिशा जुळली म्हणून फार आनंद झाला. आलेख छापून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला.

२४ एप्रिल

अखंड तांब्याची तपासणी करायची राहिली होती, ती आज केली. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. तिन्ही दिशांनी आवर्ती पेटी (एका बाजूला संपली की समोरच्या बाजूने पुन्हा सुरू होणारी), पृष्ठभाग नाहीच. <११०> ला १३१, <१००> ला ६७. कागदाशी जुळलं, त्यामुळे पोटेन्शियल आणि खेचण्याची पद्धत दोन्ही बरोबर आहेत.

त्यात एक अडचण आली. आडव्या दिशेने पेटी मोकळी ठेवून ऊर्जा किमान करायला सांगितलं की प्रोग्राम बऱ्याचदा मधेच थांबतो आणि पुढे सरकता येत नाही म्हणून सांगतो. मी ते उत्तर अंतिम धरत होते. तेच किमानीकरण पुन्हा तिथूनच सुरू केलं की तो आणखी खाली उतरतो. आता प्रत्येक पायरीला चार-पाच वेळा फिरवते, आणि आडवा दाब एक बारच्या आत आल्याशिवाय पुढे जात नाही.

२ मे

सुट्टी लागली. सकाळचं मशीन माझं.

आलेखात एक गोष्ट आधीपासून खटकत होती. स्ट्रेन (मूळ लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ) शून्य असतानाच स्ट्रेस एक गिगापास्कलच्या आसपास होता. फिल्म कुणी खेचलेली नव्हती, तरी ती ताणलेली होती. मी सुरुवातीचा आकडा वजा करून फक्त चढ घेत होते.

आज तो वजा केलेला आकडाच नीट बघितला. फिल्म अखंड तांब्याच्या लॅटिसमधून कापली की आतल्या अणूला बारा शेजारी असतात, पण (१००) पृष्ठभागावरच्या अणूला आठच. शेजारी गेल्यामुळे तिथल्या अणूंना एकमेकांच्या जवळ यायचं असतं. आतला गाभा त्यांना येऊ देत नाही. ही ओढ म्हणजे पृष्ठभागाचा स्ट्रेस. शटलवर्थ यांनी १९५० मध्ये दाखवून दिलं की घन पदार्थात हा स्ट्रेस आणि पृष्ठभागाची ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. द्रवात त्या एकच असतात, म्हणून आपण दोन्हींना "पृष्ठताण" म्हणून मोकळे होतो. या स्ट्रेसचं एकक न्यूटन प्रति मीटर, आणि तांब्यासाठी तो एक ते दीडच्या घरात. दोन पृष्ठभागांची ओढ जाडीने भागली की गाभ्यावरचा दाब मिळतो. एक मिलिमीटरच्या पत्र्यात हा दाब दोन-तीन हजार पास्कल, कुणाच्या खिजगणतीतही नाही. बारा थरांच्या फिल्ममध्ये तोच एक गिगापास्कलच्या आसपास जातो.

म्हणून फिल्म दोन्ही आडव्या दिशांनी मोकळी सोडली. ती आकसली, साधारण एक टक्का. कागदावरचा हिशोबही तेवढाच येतो.

मग प्रत्येक अणूच्या स्ट्रेसनुसार रंग देऊन ओव्हिटो या अणूंची चित्रं दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बघितलं. कडेने पाहिलं तर फिल्म तीन पट्ट्यांत वाटली गेलेली: वरचा थर गडद लाल, खालचा थर गडद लाल, मधले दहा थर निळे. लाल म्हणजे ताणलेले, निळे म्हणजे दाबलेले. दुसरा थर किंचित फिका होता. सगळ्यात वरचा थर एक-दोन टक्के आत ओढला गेलेला, ते अंतर मोजूनच कळतं, डोळ्याला दिसत नाही. पूर्ण फिल्मची बेरीज शून्य. बाहेरून कसलंही बल नाही आणि आत लाल-निळी रस्सीखेच चालू. मी बराच वेळ त्या चित्रासमोर बसून होते. वर्गात इतकी वर्षं फळ्यावर काढलेला स्ट्रेसचा चौकोन असा रंगात कधी बघितला नव्हता.

इथून पुढे प्रत्येक फिल्म आधी आकसू द्यायची, मग शून्य धरायचं. आधीच्या सगळ्या फाइली एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकल्या, नाव ‘जुन्या – वापरू नये’.

९ मे

विद्यार्थिनी आज आली. तिला भिंतीवरच्या आलेखावरून प्रबंधाचं प्रकरण लिहायचं होतं. मी म्हटलं, लिहिण्याआधी मॉड्युलस दुसऱ्या वाटेने काढून बघू या. स्ट्रेसचा चढ न घेता ऊर्जेचा वक्र घ्यायचा. फिल्म थोडी-थोडी खेचायची, प्रत्येक वेळी एकूण ऊर्जा लिहायची, आणि त्या वाटीसारख्या वक्राचा वाकडेपणा मोजायचा. ऊर्जेत आकारमानाचा संबंधच येत नाही. शेवटी एकदाच, आपल्या हाताने भागायचं.

दोन्ही वाटांनी एकच उत्तर यायला हवं. आलं नाही. बारा थरांच्या फिल्मला प्रोग्रामचा आकडा माझ्या आकड्याच्या १.०९ पट. सहा थरांना १.२ पट. चाळीस थरांना १.०२५ च्या जरा वर.

दुपारपर्यंत आम्ही दोघी स्ट्रेनची पायरी लहान-मोठी करून बघत होतो. फरक हलेना.

चहा घेऊन आलो तेव्हा ती वहीत भागाकार मांडत होती. म्हणाली, "मॅडम, १.०९ म्हणजे बाराला अकराने भागलं की. आणि १.२ म्हणजे सहाला पाचाने."

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

पेटी अणूंना चिकटवली होती ना, ती अणूंच्या केंद्रांना चिकटते. सर्वांत खालच्या अणूच्या केंद्रापासून सर्वांत वरच्या अणूच्या केंद्रापर्यंत. बारा थर असले की त्यांच्या मधली अंतरं अकराच. माझ्या हिशोबात जाडी बारा थरांची होती, २१.७ अँगस्ट्रॉम. प्रोग्रामच्या हिशोबात अकरा अंतरांची, १९.९ अँगस्ट्रॉमच्या जवळपास. बल तेच, भागणारी संख्या लहान, म्हणून मॉड्युलस मोठा. आणि फिल्म जितकी पातळ, तितका हा फुगवटा जास्त.

१२ एप्रिलची चूक दुरुस्त करताना मी तिचीच धाकटी बहीण घरात घेतली होती. पहिली चूक लक्षात आली कारण आकडा वेडावाकडा होता. ही तीन आठवडे लपली, कारण आकडा पटण्याजोगा होता, दिशा छापील निबंधाशी जुळत होती, आणि आलेखाचा आकारही बरोबर होता. पृष्ठभागाचा खरा परिणाम जाडीच्या व्यस्त प्रमाणात जातो. जाडी मोजण्यातली एका थराची चूकही नेमकी तशीच जाते. आलेखाकडे बघून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत.

"अगं, हे तू काढलंस, प्रकरणात तुझ्याच शब्दांत लिही," असं मी तिला सांगितलं. भिंतीवरचा आलेख उतरवला.

११ मे

मग खरी जाडी कुठली? अणूचं केंद्र ही काही कड नव्हे, पृष्ठभागावरच्या अणूचा इलेक्ट्रॉनांचा ढग त्याच्याही बाहेर असतो. दोन दिवस वाद घातला. शेवटी ठरलं ते असं: प्रत्येक थराला अर्धा लॅटिस, म्हणजे १.८०७५ अँगस्ट्रॉम. अणूंची संख्या गुणिले अखंड तांब्यात एका अणूच्या वाट्याला येणारं आकारमान. यात प्रत्येक अणूला सारखा वाटा मिळतो आणि दुसरी फिल्म, दुसरा धातू घेतला तरी नियम तोच राहतो. पण हा नियम आपण ठरवलेला आहे, हे प्रत्येक आलेखाखाली लिहायचं.

१४ मे

जाडीच्या भांडणातून सुटण्याची आणखी चांगली वाट सापडली. मॉड्युलस लिहूच नये. फिल्मच्या प्रति मीटर रुंदीला किती ताठपणा येतो, ते लिहावं, न्यूटन प्रति मीटरमध्ये. यात कुठेही जाडीने भागायचं नाही. आडव्या अक्षावर थरांची संख्या, जी मोजता येते आणि जिच्याबद्दल वाद नाही.

४ ते ८० थरांच्या अकरा फिल्म चालवल्या. जाड फिल्मपासून बिंदू एका सरळ रेषेत येतात. त्या रेषेचा चढ म्हणजे दर थरामागे वाढणारा ताठपणा, तो १.८०७५ अँगस्ट्रॉमने भागला की १३१ गिगापास्कल यायलाच हवा. आला. ही तपासणी आलेखातच बसलेली आहे, वेगळी करावी लागत नाही. रेषा मागे वाढवून शून्य थरांपाशी जे उरतं तो दोन पृष्ठभागांचा हिस्सा. अगदी पातळ, चार-सहा थरांचे बिंदू रेषेवरून थोडे सरकतात, तिथे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना जाणवू लागतात.

आता एप्रिलच्या चुकीची किंमत याच आलेखावर मांडून बघा. एका थराचा ताठपणा १३१ गिगापास्कल गुणिले १.८०७५ अँगस्ट्रॉम, म्हणजे जवळजवळ २३.७ न्यूटन प्रति मीटर. जाडी एका थराने कमी धरली की एवढी रक्कम गुपचूप पृष्ठभागाच्या खात्यात जमा होते. दोन पृष्ठभागांत वाटली तर प्रत्येकी जवळजवळ १२. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागांसाठी नेहमी वापरले जाणारे आकडे चिन्ह सोडलं तर ५ ते ८ न्यूटन प्रति मीटर असतात. म्हणजे ज्या गोष्टीच्या मागे आपण लागलो, तिच्यापेक्षा जाडीची व्याख्या मोठी आहे. कुणाचा निबंध वाचताना आता मी आधी त्यांची जाडीची ओळ शोधते.

१६ मे

वेळेबद्दल. शून्य केल्विनला, निर्दोष फिल्मचा मॉड्युलस काढायला मोठा तुकडा लागत नाही. मी लॅटिसच्या २० गुणिले २० घनांची फिल्म घेत होते, बारा थरांना ९,६०० अणू. ४ गुणिले ४ घेतली तर ३८४ अणू, आणि उत्तर दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत तेच. आणखी एक: ३८४ अणू १६ कोअरवर टाकले तर एका कोअरपेक्षा हळू चालतात, सगळा वेळ कोअरांच्या आपसातल्या निरोपांत जातो. एका कोअरवर एक फिल्म, अशा सोळा फिल्म एकाच वेळी सोडल्या. ज्या कामाला एप्रिलमध्ये आठवडा लागला ते आज जेवणाच्या सुट्टीत झालं.

२० मे

<१००> दिशा. इथे फिल्म अखंड तांब्याच्या ६७ पेक्षा मऊ निघाली आणि पातळ होईल तशी आणखी मऊ. सारखीच फिल्म, सारखेच दोन पृष्ठभाग, ४५ अंशांनी वळवून खेचली की ताठची मऊ होते. "पृष्ठभागामुळे फिल्म ताठ होते" किंवा "मऊ होते" असं एक वाक्य लिहिता येत नाही. कुठला पृष्ठभाग आणि कुठली दिशा, दोन्ही सांगावं लागतं.

२७ मे

विद्यार्थिनीचा नवा प्रश्न: ताठपणा बदलला तो पृष्ठभागावरच्या अणूंमुळे, की गाभा दाबला गेला म्हणून?

चांगला प्रश्न आहे, आणि तपासायला सोपा. अखंड तांबं घेतलं, पृष्ठभाग नाहीत. दोन्ही आडव्या दिशांनी बारा थरांची फिल्म आकसली होती तेवढंच दाबलं, उंचीला मोकळं सोडलं, आणि मग खेचून मॉड्युलस मोजला. हे म्हणजे फिल्ममधून फक्त निळा पट्टा काढून तपासणं.

<११०> दिशेने हे दाबलेलं अखंड तांबं आधीच १३१ पेक्षा ताठ निघालं. म्हणजे वाढीतला चांगला हिस्सा गाभ्याचा आहे. पृष्ठभाग गाभ्याला आवळतो, आणि आवळलेला गाभा सरळ रेषेच्या नियमात राहत नाही, त्याचा चढच बदलतो. तांब्याच्या नॅनोतारांबद्दल लिआंग, उपमन्यू आणि ह्वांग यांनी २००५ मध्ये गाभ्याच्या या वाकड्या वागण्यावरच बोट ठेवलं होतं. आमच्या फिल्मनेही तेच सांगितलं.

त्यामुळे १४ मेच्या आलेखात शून्य थरांपाशी जे उरलं त्याला "पृष्ठभागाचा मॉड्युलस" असं नाव देणं मी थांबवलं. त्यात दोघांचा वाटा आहे. प्रबंधात दोन वेगळे रकाने केले.

४ जून

आता गतिशास्त्र, ३०० केल्विन. फिल्म कुठे आणि कशी तुटायला सुरुवात होते ते बघायचं. इथे मोठा तुकडा लागतोच, दीड लाखांवर अणू. खेचण्याचा वेग, म्हणजे स्ट्रेन वाढण्याचा वेग, सेकंदाला १० चा आठवा घात. ऐकायला भयंकर वाटतो आणि तो आहेच, प्रयोगशाळेतल्या यंत्रापेक्षा अब्जपटींनी जास्त. त्याहून हळू खेचणं या मशीनला झेपत नाही. दहा टक्के स्ट्रेनला दहा लाख पायऱ्या, आठ-दहा तास.

रात्री सोडून घरी गेले. पहाटे वळवाचा पाऊस, वीज गेली, यूपीएसने वीस मिनिटं धरलं आणि सोडलं. सकाळी येऊन बघते तर मशीन बंद, साडेसात तासांचं काम गेलेलं, कारण मी रिस्टार्ट फाइल लिहायलाच सांगितलं नव्हतं. एक ओळ असते, दर ५०,००० पायऱ्यांना अवस्था जपून ठेव म्हणून सांगणारी. ती आता प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला. यूपीएसची बॅटरी बदलली, २,४०० रुपये.

७ जून

३०० केल्विनला अखंड तांब्याचा संदर्भही ३०० केल्विनचाच हवा. लॅटिस तापून फुगलेलं असतं. शून्य केल्विनचं ३.६१५ धरून फिल्म बांधली तर ती सुरुवातीलाच चुकीच्या ताणात. अर्धा दिवस.

१२ जून

फिल्म तुटायला कशी लागते ते आज बघायला मिळालं. कित्येक गिगापास्कलपर्यंत आलेख चढत जातो, काही घडत नाही. मग पृष्ठभागावर एका ठिकाणी तीन-चार अणू जागेवरून हलतात. पुढच्याच चित्रात तिथून एक तिरका पट्टा आत घुसतो, दोन थर जाडीचा, ओव्हिटो त्याला षट्कोनी रचना म्हणून वेगळा रंग देतं. ती स्टॅकिंग फॉल्ट, थरांच्या क्रमातली चूक. तिच्या पुढच्या कडेला आंशिक डिसलोकेशन (स्फटिकाच्या रचनेतली रेषेसारखी खोट) पळत असतं आणि काही पिकोसेकंदांत ते समोरच्या पृष्ठभागातून बाहेर पडतं. तिथे एक बारीक पायरी उरते. स्ट्रेस धाडकन खाली.

फिल्मच्या मध्यात सुरुवात एकदाही झाली नाही. दर वेळी पृष्ठभाग.

म्हणून मुद्दाम वरच्या थराचा अर्धा भाग काढून टाकला, एक पायरी तयार केली. बाकी सगळं तेच. सुरुवात त्या पायरीच्या काठावर झाली, आणि आधीपेक्षा स्पष्टपणे कमी स्ट्रेसला. एका थराच्या पायरीने मॉड्युलसमध्ये जो फरक पडतो तो शोधायला भिंग लागतं, पण तुटण्याच्या स्ट्रेसमध्ये तो उघड दिसतो.

इथे एक गोष्ट लिहून ठेवायलाच हवी, कारण विद्यार्थी हे आकडे घेऊन थेट खऱ्या फिल्मवर लावतात. काचेवर किंवा सिलिकॉनवर बसवलेल्या खऱ्या तांब्याच्या फिल्ममध्ये स्फटिककणांच्या सीमा असतात, आधीपासूनची डिसलोकेशन्स असतात, वर ऑक्साइड असतो, खाली घट्ट चिकटलेला आधार असतो. तिथे डिसलोकेशनला पृष्ठभागातून सुटता आलं की एक वागणूक, वरच्या कडक आवरणाने ते अडवलं की वेगळीच. माझी फिल्म स्वच्छ, निर्दोष आणि हवेत अधांतरी आहे. ती जी ताकद दाखवते ती वरची मर्यादा समजा.

२१ जून

कॉलेज सुरू झालं. हिशोब: मशीन ४२,०००, बॅटरी २,४००, पंखा आणि केबल मिळून ९००. वीज दिवसाला सहा युनिटच्या आसपास, मशीन रात्रंदिवस चालू होतं तेव्हा. अकरा आठवड्यांतले जवळजवळ पाच आठवडे चुका शोधण्यात गेले, आणि त्यातले चार फक्त एका भागाकारामागे.

विद्यार्थिनीने नवा आलेख छापून आणला. खाली बारीक अक्षरात तिने लिहिलंय: "जाडी = थरांची संख्या × १.८०७५ अँगस्ट्रॉम. फिल्म आधी मोकळी आकसू दिलेली आहे." भिंतीवर जुन्या आलेखाच्या टाचण्यांची भोकं होती, त्याच भोकांत तो लावला.

आज दुपारी (१११) पृष्ठभागाची पहिली फिल्म सोडली. सगळ्यात आधी अखंड तांबं, मग आकसणं, मग ऊर्जेचा वक्र. रिस्टार्टची ओळ पहिली.